पुढारी निवडणारा, पण स्वतः पुढे न येणारा : माळव्याचे कुशाभाऊ ठाकरे

गोमंतकाच्या मुक्तिलढ्याशी माळव्याचे नाते रक्ताचे आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज सैनिकांच्या गोळ्यांना ज्यांनी छाती दिली, त्यांत उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. हेच राजाभाऊ त्याआधी माळव्यातील सोनकच्छ तहसिलीत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक म्हणून काम करीत. त्याच वर्षी गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या एका तुकडीचे नेतृत्व करून पोर्तुगीजांच्या तुरुंगात पडलेले जगन्नाथराव जोशी पुढे 1967 साली भोपाळमधून आणि 1971 साली शाजापूरमधून लोकसभेवर निवडून गेले. कर्नाटकातून आलेल्या आणि गोव्यासाठी मार खाल्लेल्या माणसाला माळव्याच्या मतदाराने आपला मानले. हे आपोआप घडले नाही. त्यामागे गावोगाव विणलेले एक जाळे होते आणि ते विणणारा माणूस मराठी होता. त्याचे नाव कुशाभाऊ ठाकरे.

देवास जिल्ह्यातील सोनकच्छ तहसिलीत पीपलरावां नावाचा एक लहान कसबा आहे. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजारहाट तिथे होतो. गोव्यातील वाचकाने हे नाव क्वचितच ऐकले असेल. परंतु भारतीय जनसंघ आणि नंतर भारतीय जनता पक्ष ही संघटना कशी उभी राहिली आणि तिने आपले पुढारी कसे निवडले, हे समजून घ्यायचे असेल तर दिल्लीपेक्षा अशा कसब्यांकडे आधी पाहावे लागते. ठाकरे यांचे सारे आयुष्य धार, देवास, उज्जैन, रतलाम, मंदसौर या पट्ट्यातील अशाच गावांतून फिरण्यात गेले. पुढे ते देशात सत्तेवर असलेल्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, तरी महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. मराठी माणसाच्या राजकीय कर्तृत्वाचा हिशेब मांडताना हे पान राहून जाते.

धारचे घर आणि माळव्याचे मराठीपण

15 ऑगस्ट 1922 रोजी धार येथे कुशाभाऊंचा जन्म झाला. धार हे तेव्हा पवारांचे संस्थान होते. अठराव्या शतकात मराठ्यांनी माळवा जिंकला, तेव्हा धार आणि देवास पवारांकडे, इंदूर होळकरांकडे आणि उज्जैन-ग्वाल्हेर शिंद्यांकडे गेले. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. या दरबारांबरोबर देशावरून आणि कोकणातून कारकून, कारभारी, वैद्य, शास्त्री, शिलेदार आले आणि तिथेच रुजले. घरात मराठी, बाजारात माळवी आणि दप्तरात हिंदी असे त्यांचे त्रिभाषिक जगणे होते. गोव्यातील वाचकाला असे जगणे समजावून सांगण्याची गरज नाही.

ठाकरे यांचे शिक्षण धार आणि ग्वाल्हेर येथे झाले. 1942 साली, देशात चलेजावचे वारे वाहत असताना, विशीतील कुशाभाऊ संघाचे प्रचारक म्हणून घराबाहेर पडले. ते अविवाहित राहिले. स्वतःचा संसार, व्यवसाय किंवा मालमत्ता असे काही त्यांनी मागे बांधले नाही. प्रचारकाचे जीवन म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे, कार्यकर्त्याच्या घरी जेवणे, मिळेल तिथे पथारी पसरणे आणि माणसे ओळखणे. या शेवटच्या गोष्टीत ठाकरे यांची खरी हातोटी होती. कोणाच्या अंगी वक्तृत्व आहे, कोणाच्या अंगी चिकाटी, कोण लोकांत मिसळतो आणि कोण पदाची वाट पाहत बसतो, याची पारख त्यांना लांबच्या प्रवासांतून आणि रात्रीच्या बैठकांतून झाली. पुढे सुमारे दोन दशके मध्य प्रदेशात जनसंघाचा उमेदवार ठरविताना हीच पारख कामी आली.

अध्यक्ष एक, संघटन दुसऱ्याच्या हाती

21 ऑक्टोबर 1951 रोजी दिल्लीत भारतीय जनसंघाची स्थापना झाली. श्यामाप्रसाद मुखर्जी अध्यक्ष झाले. मुखर्जी हे स्वतःच्या बळावर मोठे झालेले पुढारी होते. पक्ष त्यांच्या नावावर उभा राहिला, परंतु त्याचे हातपाय संघाने दिलेल्या तरुण प्रचारकांचे होते. दीनदयाळ उपाध्याय, अटलबिहारी वाजपेयी, नानाजी देशमुख, सुंदरसिंह भंडारी, जगन्नाथराव जोशी आणि कुशाभाऊ ठाकरे ही त्यांतील काही नावे. 1953 च्या जूनमध्ये काश्मिरात स्थानबद्ध असताना मुखर्जी यांचा मृत्यू झाला आणि पक्षापुढे पहिल्यांदा प्रश्न उभा राहिला की पुढारी निवडायचा कोणी आणि कसा.

उत्तर लवकरच मिळाले. 1954 साली मौलीचंद्र शर्मा अध्यक्ष झाले. पक्षाचे निर्णय संघाच्या प्रभावाखाली होतात, अध्यक्षाच्या हाती काही उरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वर्ष संपण्याआधी त्यांना पद सोडावे लागले. या प्रसंगाने पक्षाची पुढील दीड दशकांची रीत ठरवून टाकली. त्यानंतर प्रेमनाथ डोग्रा, देवप्रसाद घोष, पीतांबर दास, अवसरला रामराव, डॉ. रघुवीर, नागपूरचे बच्छराज व्यास असे प्रतिष्ठित, विद्वान, निरनिराळ्या प्रांतांचे गृहस्थ अध्यक्षपदी येत आणि जात राहिले. खरा कारभार सरचिटणीस दीनदयाळ उपाध्याय आणि प्रांतोप्रांतीचे संघटनमंत्री चालवीत होते. अध्यक्ष पक्षाला चेहरा देई आणि संघटनमंत्री त्याला कणा देई. 1967 च्या डिसेंबरमध्ये कालिकत अधिवेशनात दीनदयाळजी स्वतः अध्यक्ष झाले, तेव्हा चेहरा आणि कणा प्रथमच एका माणसात एकत्र आले. परंतु दोनच महिन्यांनी, 11 फेब्रुवारी 1968 रोजी, मुगलसराय स्थानकाजवळ त्यांचा मृतदेह सापडला. त्यानंतर वाजपेयी आणि 1973 पासून लालकृष्ण अडवाणी अध्यक्ष झाले. वाजपेयींच्या निवडीला विरोध करणारे माजी अध्यक्ष बलराज मधोक 1973 साली पक्षाबाहेर गेले. जाहीरपणे भांडणाऱ्याला इथे जागा नाही, हा धडा शर्मांनंतर मधोकांनी पुन्हा एकदा सर्वांना दिला.

या रचनेत संघटनमंत्री हे पद चमत्कारिक होते. त्याला निवडणूक लढवायची नसे, सभेत भाषण ठोकायचे नसे, वर्तमानपत्रात नाव छापून आणायचे नसे. तरीही कोण लढणार, कोण बोलणार आणि कोणाचे नाव छापून येणार, हे ठरविण्यात त्याचा हात असे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्यभारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल मिळून नवे मध्य प्रदेश राज्य झाले. त्या अवाढव्य राज्यात जनसंघाचे संघटनमंत्री म्हणून ठाकरे यांची नेमणूक झाली.

दहा जागांपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत

1957 च्या निवडणुकीत मध्य प्रदेश विधानसभेत जनसंघाला 10 जागा मिळाल्या. 1962 साली त्या 41 झाल्या आणि 1967 साली 78. दहा वर्षांतील ही वाढ एखाद्या लाटेवर आलेली नव्हती. तिच्यामागची पद्धत साधी होती. जिल्ह्याच्या गावी वकील किंवा वैद्य, तहसिलीच्या गावी अडत्या किंवा शिक्षक, आणि पीपलरावांसारख्या कसब्यात एखादा दुकानदार किंवा शेतकरी गाठायचा, त्याच्या घरी वारंवार जायचे, त्याच्याकडून आणखी चार नावे मिळवायची आणि त्यांची एक समिती करायची. समितीतून मंडल, मंडलातून जिल्हा, जिल्ह्यातून प्रदेश. प्रत्येक पायरीवर बैठक घ्यायची, प्रत्येकाला बोलू द्यायचे आणि अखेर एकच नाव पुढे यावे अशी व्यवस्था करायची. मतदानाची वेळ आलीच तर बैठकीआधीचे काम अपुरे राहिले असे समजायचे.

यालाच पक्षात सर्वानुमती म्हणतात. तिचे गुण उघड आहेत. लहान पक्षात दोन उमेदवार लढले तर हरलेला आपल्या माणसांसह दुसऱ्या पक्षात जातो किंवा घरी बसतो. जिथे मुळात शंभर माणसे आहेत, तिथे चाळीस गमावणे परवडत नाही. म्हणून हरण्याचा प्रसंगच कोणावर येऊ द्यायचा नाही, हे शहाणपण होते. शिवाय सत्ता दूर असल्याने पदासाठी झुंबडही नव्हती. पदावर येणाऱ्याच्या वाट्याला खर्च, प्रवास आणि प्रसंगी तुरुंग एवढेच येई. अशा काळात निवडणारा निःस्वार्थी आहे याची खात्री असेल, तर त्याचा शब्द मानायला कोणाची हरकत नसते. ठाकरे यांना स्वतःसाठी काही नको होते, हे सर्वांना दिसत होते. त्यांच्या शब्दाला वजन होते ते याचमुळे.

1967 साली राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडल्या. गोविंदनारायण सिंह यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त विधायक दलाचे सरकार आले आणि जनसंघाचे वीरेंद्रकुमार सखलेचा उपमुख्यमंत्री झाले. जनसंघाची माणसे राज्यात प्रथमच मंत्रिपदाच्या खुर्चीवर बसली. त्याच सुमारास ठाकरे पक्षाचे अखिल भारतीय चिटणीस झाले.

सत्ता आली आणि पद्धतीची परीक्षा झाली

1975 साली आणीबाणी लादली गेली. देशभरातील विरोधी पुढाऱ्यांप्रमाणे ठाकरेही तुरुंगात गेले आणि सुमारे 19 महिने तिथे राहिले. 1977 साली जनसंघ जनता पक्षात विलीन झाला आणि ठाकरे मध्य प्रदेश जनता पक्षाचे अध्यक्ष झाले. त्या वर्षी जूनमधील विधानसभा निवडणुकीत 320 पैकी 230 जागा जनता पक्षाने जिंकल्या. त्यांत पूर्वाश्रमीच्या जनसंघीयांचे प्राबल्य होते. आता मुख्यमंत्री निवडायचा होता आणि तोही आपल्याच माणसांतून.

देवास जिल्ह्यातील हाटपीपल्याचे कैलास जोशी यांची निवड झाली. बागली मतदारसंघातून ते 1962 पासून सातत्याने निवडून येत होते आणि अत्यंत साधा, सज्जन माणूस अशी त्यांची ख्याती होती. 24 जून 1977 रोजी त्यांनी सूत्रे घेतली. परंतु सात महिन्यांच्या आत, जानेवारी 1978 मध्ये, प्रकृतीच्या कारणाने त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी सखलेचा आले. दोन वर्षांनी, 20 जानेवारी 1980 रोजी, सुंदरलाल पटवा मुख्यमंत्री झाले आणि 17 फेब्रुवारीला केंद्रातील इंदिरा गांधी सरकारने विधानसभाच बरखास्त केल्याने त्यांचे सरकार महिनाभरही टिकले नाही.

अडीच-पावणेतीन वर्षांत तीन मुख्यमंत्री. तिघेही माळव्याचे, तिघेही जनसंघाच्या मुशीतले, तिघेही ठाकरे यांच्या डोळ्यांदेखत घडलेले. इथे या पद्धतीची मर्यादा प्रथम उघडी पडली. विरोधात असताना जी माणसे एका सतरंजीवर बसत होती, तीच सत्ता येताच वेगवेगळ्या दालनांत बसू लागली. सर्वानुमतीने नाव ठरते तेव्हा नाकारल्या गेलेल्याचा पराभव कुठेही नोंदला जात नाही. मते मोजली गेली असती तर त्याला आपले बळ किती हे कळले असते आणि पुढल्या वेळेपर्यंत तो थांबला असता. मोजणीच न झाल्याने प्रत्येकाला वाटत राहते की खरे बहुमत आपल्याच बाजूचे होते. मग जे बैठकीत बोलले गेले नाही ते बैठकीनंतर बोलले जाते.

1979 साली खंडव्याच्या पोटनिवडणुकीत ठाकरे स्वतः लोकसभेवर निवडून गेले. इतरांना उमेदवारी देणाऱ्या या माणसाला संसदेत जागा मिळाली ती एवढीच आणि तीही अल्पकाळ. 1980 च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पराभूत झाले. आपली जागा व्यासपीठाच्या मागे आहे, हे त्यांना आधीपासून माहीत असावे. पराभवानंतर ते पुन्हा संघटनेत परतले आणि संसदेची वाट त्यांनी फारशी धरली नाही.

नवा पक्ष, जुनी रीत

दुहेरी सदस्यत्वाच्या वादातून जनता पक्ष फुटला आणि 6 एप्रिल 1980 रोजी भारतीय जनता पक्ष जन्माला आला. वाजपेयी पहिले अध्यक्ष झाले आणि ठाकरे केंद्रीय पदाधिकाऱ्यांत आले. नव्या पक्षाची घटना कागदावर पुरेशी लोकशाहीवादी होती. राष्ट्रीय परिषद आणि प्रदेश परिषदांच्या सदस्यांनी मिळून अध्यक्ष निवडायचा, त्याआधी निम्म्या राज्यांत संघटनेच्या निवडणुका पूर्ण झालेल्या असाव्यात, उमेदवाराचे नाव एकाहून अधिक राज्यांतून सुचविले जावे, अशा तरतुदी पुढे स्थिरावल्या. परंतु प्रत्यक्षात राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी मतपेटी कधीच उघडावी लागली नाही. वाजपेयी, अडवाणी, मुरली मनोहर जोशी, पुन्हा अडवाणी, असे प्रत्येक वेळी एकच नाव पुढे आले आणि तेच मंजूर झाले.

याच्या शेजारी काँग्रेसचा इतिहास ठेवून पाहण्यासारखा आहे. 1939 साली जबलपूरजवळच्या त्रिपुरी अधिवेशनाआधी सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा 1580 विरुद्ध 1377 मतांनी पराभव केला. महात्मा गांधींचा पाठिंबा हरलेल्या उमेदवाराला होता. मतमोजणीत जिंकलेल्या सुभाषबाबूंना कार्यकारिणी मात्र मिळू शकली नाही आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. याचा अर्थ मतदान झाले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. त्यानंतर काँग्रेसने 1950, 1997, 2000 आणि 2022 साली अध्यक्षपदासाठी मतदान घेतले, पण दीर्घ काळ हे पद एका घराण्याभोवती फिरत राहिले. गोव्यात 12 ऑगस्ट 1973 रोजी भाऊसाहेब बांदोडकर गेले, तेव्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्याकडे नेतृत्व सोपविले. पुढाऱ्याच्या लोकप्रियतेवर उभ्या असलेल्या पक्षात वारसा रक्ताने येतो. जनसंघाने आणि भाजपने तो संघटनेतून यावा असा प्रयत्न केला. या प्रयत्नाला ज्या थोड्या लोकांनी आपले आयुष्य दिले, त्यांत ठाकरे अग्रभागी होते.

1980 च्या विधानसभा निवडणुकीत मध्य प्रदेशात भाजपला 60 जागा मिळाल्या. 1990 साली 320 पैकी 220 जागा जिंकून पटवा पुन्हा मुख्यमंत्री झाले. हे सरकारही बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर 1992 मध्ये बरखास्त झाले आणि 1993 च्या निवडणुकीत जनतेने काँग्रेसला कौल दिला. दिग्विजय सिंह दहा वर्षे राज्य करून गेले. ठाकरे या काळात पक्षाचे सरचिटणीस म्हणून निरनिराळ्या राज्यांत फिरत होते.

निवडणारा स्वतः निवडला गेला

मार्च 1998 मध्ये वाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली केंद्रात सरकार आले. पक्षाध्यक्ष अडवाणी गृहमंत्री झाले. एका व्यक्तीकडे एकच पद या संकेतानुसार नवा अध्यक्ष शोधावा लागणार होता. पंचाहत्तरी ओलांडलेले कुशाभाऊ ठाकरे अध्यक्ष झाले. अर्धशतकाहून अधिक काळ इतरांच्या निवडीत रमलेला माणूस स्वतः निवडला गेला. त्याच सुमारास काँग्रेसमध्ये सीताराम केसरी यांना दूर सारून सोनिया गांधी अध्यक्षपदी आल्या होत्या. दोन्ही पक्षांनी एकाच ऋतूत आपापल्या स्वभावाप्रमाणे पुढारी निवडले. एकाने घराण्याकडे पाहिले, दुसऱ्याने संघटनेच्या सर्वांत जुन्या विश्वस्ताकडे.

ठाकरे यांची निवड का झाली, याचे उत्तर पक्षाच्या गरजेत होते. सरकार अनेक पक्षांच्या आघाडीचे होते आणि राम मंदिर, 370 वे कलम, समान नागरी कायदा हे विषय बाजूला ठेवून चालले होते. कार्यकर्ता अस्वस्थ होता. वाजपेयी आणि अडवाणी यांच्या तोडीचा तिसरा पुढारी अध्यक्ष झाला असता तर सत्तेची तीन केंद्रे निर्माण झाली असती. ज्याला महत्त्वाकांक्षा नाही, ज्याच्यावर संघाचा विश्वास आहे आणि ज्याला कार्यकर्ता आपला मानतो, असा माणूस हवा होता.

त्यांची कारकीर्द सोपी नव्हती. मे 1998 मध्ये पोखरणची अणुचाचणी झाली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत साहिबसिंह वर्मा यांना बाजूला करून सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री केले गेले. कांद्याच्या भावाने होरपळलेल्या मतदाराला तो बदल पटला नाही. नोव्हेंबरमध्ये दिल्ली आणि राजस्थान हातचे गेले आणि ज्या मध्य प्रदेशात ठाकरे यांनी आयुष्य वेचले, तिथेही पक्ष सलग दुसऱ्यांदा हरला. एप्रिल 1999 मध्ये केंद्र सरकार लोकसभेत एका मताने पडले. त्यानंतर कारगिलचे युद्ध झाले आणि शरद ऋतूतील निवडणुकीत पक्षाने पुन्हा 182 जागा राखून सत्ता मिळविली. त्याच वर्षी जूनमध्ये गोव्यात भाजपने 10 जागा जिंकल्या. 1994 साली अवघ्या 4 जागा मिळविणाऱ्या पक्षाची ही झेप होती आणि पुढल्याच वर्षी, 24 ऑक्टोबर 2000 रोजी, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले.

डिसेंबर 1999 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय परिषदेत आघाडीच्या कार्यक्रमालाच पक्षाने आपला कार्यक्रम मानला. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशात मुख्यमंत्रिपदावरून दूर केले गेलेले कल्याणसिंह यांची हकालपट्टी करण्याची वेळ अध्यक्ष ठाकरे यांच्यावर आली. लोकांत मोठे झालेल्या पुढाऱ्याला बैठकीत समजावून सांगून भागत नाही, हे त्या प्रसंगाने पुन्हा दिसले. संघटनेने घडविलेला माणूस संघटनेपेक्षा मोठा झाला की सर्वानुमतीला त्याच्यासमोर एकच उपाय उरतो, तो म्हणजे त्याला बाहेर काढणे. मधोकांच्या वेळी पक्ष लहान होता, म्हणून फारसे बिघडले नाही. कल्याणसिंह गेल्यानंतर उत्तर प्रदेशात पक्षाची घसरण थांबवायला मात्र वर्षे लागली.

ठाकरे यांच्या कारकिर्दीतील आणखी एका नेमणुकीची नोंद करायला हवी. मे 1998 मध्ये संघटनेचे सरचिटणीस म्हणून गुजरातचे नरेंद्र मोदी यांना बढती मिळाली. ज्या पदाचा आदर्श दीनदयाळजी आणि ठाकरे यांनी घालून दिला होता, त्या पदावरचा माणूस तीन वर्षांनी मुख्यमंत्री आणि सोळा वर्षांनी पंतप्रधान झाला. संघटनमंत्री पडद्यामागे राहतो, ही जुनी समजूत तिथे संपली. त्यातील दोन टप्प्यांना पणजी साक्षी आहे. एप्रिल 2002 मध्ये इथल्याच कार्यकारिणीत मोदींनी देऊ केलेला राजीनामा नाकारला गेला आणि जून 2013 मध्ये इथेच त्यांच्याकडे लोकसभा निवडणुकीच्या प्रचाराची सूत्रे सोपविली गेली. दुसऱ्या वेळी अडवाणी बैठकीला आले नव्हते आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पक्षाच्या पदांचा राजीनामा दिला. एकमत जाहीर झाले, परंतु ते सर्वांचे नव्हते.

शेवट आणि हिशेब

2000 साली बंगारू लक्ष्मण यांच्याकडे सूत्रे देऊन ठाकरे अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. पुढे कर्करोगाने त्यांना गाठले. डिसेंबर 2003 मध्ये मध्य प्रदेशात 230 पैकी 173 जागा जिंकून भाजप सत्तेवर आला आणि 8 डिसेंबरला उमा भारती यांनी शपथ घेतली. त्यानंतर वीस दिवसांनी, 28 डिसेंबर 2003 रोजी, दिल्लीत कुशाभाऊ ठाकरे यांचे निधन झाले. ज्या राज्यात 10 जागांपासून त्यांनी सुरुवात केली होती, तिथला सर्वांत मोठा विजय पाहून ते गेले.

त्यानंतर जे घडले ते 1977 ची पुनरावृत्ती वाटावी असे होते. उमा भारती, बाबूलाल गौर आणि नोव्हेंबर 2005 मध्ये शिवराजसिंह चौहान असे दोन वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले. उमा भारती यांना पक्षाबाहेर जावे लागले. डिसेंबर 2023 मध्ये प्रचंड बहुमत मिळूनही चौहान यांच्याऐवजी उज्जैनचे मोहन यादव यांचे नाव विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत अचानक पुढे आले आणि मंजूर झाले. गोव्यातही हे चित्र परिचयाचे आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये पर्रीकर दिल्लीला गेले तेव्हा लक्ष्मीकांत पार्सेकर आणि 2019 च्या मार्चमध्ये पर्रीकरांच्या निधनानंतर डॉ. प्रमोद सावंत यांची निवड अशीच झाली. निरीक्षक येतात, चर्चा होते, एक नाव येते आणि सर्वजण हात वर करतात.

आजच्या या पद्धतीचा उगम ठाकरे यांच्या काळातील बैठकांत शोधला जातो. बाह्य रूप तेच आहे, हे खरे. परंतु एक मोठा फरक विसरता येत नाही. ठाकरे यांच्या काळात नाव खालून वर जात असे. ते ठरविणाऱ्या माणसाने तहसिलीच्या गावात रात्र काढलेली असे आणि ज्याला नाकारायचे त्याच्या घरी जाऊन त्याची समजूत घातलेली असे. पीपलरावांच्या कार्यकर्त्याला कोणी विचारले नाही, असे म्हणायची वेळ शक्यतो येऊ दिली जात नसे. नाव वरून खाली येऊ लागले की हात वर होतात तेव्हाही सर्वानुमतीच दिसते, पण तिच्यातील विचारणा निघून गेलेली असते. हा बदल एका पक्षापुरता नाही. काँग्रेसचा हायकमांड असो, प्रादेशिक पक्षांची घराणी असोत, आपल्याकडे पुढारी निवडण्याचा अधिकार साध्या सभासदापासून सतत दूर जात राहिला आहे.

ठाकरे यांच्या मार्गाचे गुणगान करणाऱ्यांनी त्याच्या उणिवाही मांडायला हव्यात. एका निःस्वार्थी माणसावर विसंबून उभी राहिलेली पद्धत त्याच्यामागे टिकेलच असे नाही. विश्वासाची जागा नियमाने घेतली नाही, तर विश्वास ज्याच्यापाशी असेल त्याच्याबरोबर तीही संपते. मौलीचंद्र शर्मांनी 1954 साली विचारलेला प्रश्न, म्हणजे निवडणाऱ्याला जाब कोणी विचारायचा हा प्रश्न, त्यांच्या जाण्याने सुटला नाही. ठाकरे यांच्या सचोटीमुळे तो कित्येक वर्षे झाकला गेला, एवढेच म्हणता येईल.

भोपाळचे आंतरराज्य बसस्थानक, तिथल्या जुन्या मिंटो हॉलमधील सभागृह आणि रायपूरचे पत्रकारिता विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्याने आपले नाव छापून येऊ नये याची आयुष्यभर काळजी घेतली, त्याचे नाव आता पाट्यांवर आहे. त्यांचे खरे स्मारक मात्र माळव्यातील त्या असंख्य घरांत आहे, जिथे ते कधी जेवले, कधी रात्रीपुरते राहिले आणि जिथल्या माणसाला त्यांनी आपल्या शेजाऱ्याबद्दल विचारले. त्या विचारण्यातून पक्ष उभा राहिला. ते विचारणे कुठल्याही पक्षात पुन्हा सुरू होईल तेव्हा धारच्या या मराठी माणसाचा वारसा चालला असे म्हणता येईल.